वाचकांचे प्रश्न : वायफाय आहे, पण नेट नाही

या अंकात घरातल्या आणि शाळेतल्या नेटवर्कबद्दल आलेल्या पत्रांना उत्तरं दिली आहेत. बहुतेक पत्रांत ‘नेट चालत नाही’ एवढंच लिहिलेलं असतं. पण फोन ते राउटर, राउटर ते फायबरचा (काचेच्या तंतूतून प्रकाशावर नेट आणणाऱ्या वायरचा) डबा, डबा ते कंपनी आणि कंपनी ते बाहेरचं जग असे चार सांधे असतात. त्यांतला कुठला निखळला आहे हे आधी शोधा. ते न पाहता नवा राउटर आणला, तर पैसे जातात आणि बिघाड तिथेच राहतो.

प्रश्न : फोनवर वायफायच्या सगळ्या कांड्या भरलेल्या दिसतात, तरी काही उघडत नाही. राउटर बंद करून चालू केला की कधी सुरू होतं, कधी नाही. पावसात त्रास वाढतो. दोष वायफायचा की लाइनचा? – एक वाचक, चिपळूण

त्या कांड्या फक्त फोन आणि राउटरमधला सिग्नल कसा आहे तेवढंच सांगतात. राउटरच्या पुढे काय चाललंय ते त्यांना माहीत नसतं. म्हणून कांड्या विसरा आणि एकेक सांधा तपासत पुढे जा. हे लॅपटॉपवर करणं सोपं.

पहिलं म्हणजे लॅपटॉपला पत्ता मिळाला आहे का ते बघा. विंडोजमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘आयपीव्ही-४ ॲड्रेस’ दिसतो. तो १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिला आहे. १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर लॅपटॉपने पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, आणि त्याने स्वतःच एक कामचलाऊ पत्ता लावून घेतला. अशा वेळी बिघाड घरातच आहे, लाइन तपासायची गरज नाही. राउटर अडकला असेल किंवा त्याचं पत्ते वाटण्याचं काम कोणीतरी बंद केलं असेल. फोनवर याच बिघाडात ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’ असं येऊन गाडी तिथेच थांबते.

पत्ता ठीक असेल तर कमांड प्रॉम्प्ट (विंडोजमधली आज्ञा लिहायची खिडकी) उघडून इंग्रजीत पिंग हा, समोरच्याला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजणारा शब्द, एक जागा सोडून राउटरचा पत्ता, असं लिहा. राउटरचा पत्ता त्याच सेटिंगमध्ये ‘डिफॉल्ट गेटवे’ म्हणून दिलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१. उत्तर २ ते १० मिलिसेकंदांत सलग आलं तर वायफाय चांगलं आहे. आकडे मधूनच २००–३०० वर उडत असतील किंवा ‘टाइम्ड आउट’ येत असेल, तर दोष हवेतल्या दुव्याचा. मग राउटरशेजारी जाऊन हीच चाचणी पुन्हा करा.

त्यानंतर ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या जगातल्या गूगलच्या सर्व्हरला, पिंग करा. राउटर उत्तर देतो पण हा देत नाही, तर बिघाड राउटरच्या पुढे. दोघेही उत्तर देतात पण एकही वेबसाइट नावाने उघडत नाही, तर नावाचा आकड्यात उलगडा करणारा डीएनएस सर्व्हर बंद आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरले की हा अडथळा दूर होतो. सगळं उत्तर देतं, तरी प्रत्येक साइटवर सुरक्षेची सूचना येते, असं जुन्या डेस्कटॉपवर दिसलं तर आधी संगणकाची तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ हा बटणसेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते, आणि मग साइटची प्रमाणपत्रं संगणकाला खोटी वाटतात.

आता तुमच्या पावसाबद्दल. फायबरच्या डब्यावर ‘पॉन’चा दिवा हिरवा आणि स्थिर असायला हवा. ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल होऊन मिचकत असेल, तर प्रकाश डब्यापर्यंत पोहोचतच नाही. मग दहादा बंद-चालू केलं तरी उपयोग नाही, तक्रारच नोंदवावी लागते. पावसाळ्यात फांदी पडून वायर ताणली जाते किंवा खांबावरच्या पेटीत पाणी शिरतं. त्याआधी घरातली वायर मात्र बघून घ्या. कपाटामागे दुमडली असेल किंवा खिळ्याला घट्ट गुंडाळली असेल, तर प्रकाश त्या वळणावर बाहेर सांडतो. चहाच्या कपाच्या तोंडापेक्षा लहान वेटोळं करू नका. वायर काढून टोकात डोळा लावून बघणं तर कधीच नको. आतला प्रकाश अवरक्त असतो, डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.

‘पॉन’ हिरवा, ‘लॉस’ बंद आणि ‘इंटरनेट’चा दिवा मात्र लाल किंवा बंद असेल, तर लाइन शाबूत आहे, फक्त लॉगिन झालेलं नाही. रिचार्ज संपला आहे का ते आधी बघा. आणि एक चूक टाळा. बंद-चालू करणं वेगळं आणि मागच्या बारीक छिद्रात पिन घालून रीसेट करणं वेगळं. ती पिन दहा सेकंद दाबली की कंपनीने भरलेलं युजरनेम आणि पासवर्ड पुसले जातात, आणि साधा बिघाड टेक्निशियनच्या फेरीपर्यंत लांबतो.

प्रश्न : दुमजली घर आहे. खाली कंपनीचा राउटर, वर रेंज नाही म्हणून केबल ओढून दुसरा राउटर लावला. नेट चालतं, पण वरच्या लॅपटॉपला खालचा प्रिंटर सापडत नाही. फोन वर-खाली नेला की मधेच तुटतो. – एक वाचक, सोलापूर

तुम्ही खालची केबल दुसऱ्या राउटरच्या वेगळ्या रंगाच्या ‘वॅन’ पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरून नेट आत यायच्या खाचेत, लावली असणार. राउटरचं कामच दोन नेटवर्कांच्या मध्ये बसण्याचं. त्यामुळे वर १९२.१६८.०.x ही एक गल्ली झाली आणि खाली १९२.१६८.१.x ही दुसरी. लॅपटॉप प्रिंटर शोधताना आपल्या गल्लीत हाक मारतो, ‘इथे कोणी प्रिंटर आहे का?’ ही हाक राउटर ओलांडत नाही. प्रिंटरचा आयपी हाताने टाकला तर वरून छपाई होईलही, पण खालच्या संगणकाला वरचं काहीच दिसणार नाही. तुमच्या घराला दुसरा राउटर नको आहे, दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे त्याच नेटवर्कचं वायफाय पसरवणारा डबा, हवा आहे. तोच डबा ते काम करतो.

केबल काढा. लॅपटॉप दुसऱ्या राउटरच्या ‘लॅन’ (घरातली यंत्रं जोडायच्या) पोर्टला जोडून ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडा. ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असा पर्याय असेल तर तो निवडा, पुढचं तो स्वतः करतो. नसेल तर आधी वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार खालच्या राउटरसारखाच ठेवा, कॅपिटल-स्मॉल अक्षरांसकट. मग त्याचा लॅनचा पत्ता १९२.१६८.१.२ करा. हा पत्ता खालचा राउटर दुसऱ्या कुणाला देणार नाही याची सोय हवी. म्हणून खालच्या राउटरमध्ये पत्ते वाटण्याची मर्यादा (पत्त्याचा शेवटचा आकडा) १०० ते २०० अशी करून घ्या. त्यानंतर दुसऱ्यातलं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, बंद करा आणि सेव्ह करा. आता या डब्याकडून लॅपटॉपला पत्ता मिळणार नाही. घाबरू नका, तसंच व्हायला हवं. शेवटी खालून आलेली केबल ‘लॅन’ पोर्टमध्ये लावा आणि ‘वॅन’ पोर्ट रिकामा सोडा.

डीएचसीपी बंद करायचं राहून गेलं तर फार विचित्र बिघाड होतो. एक फोन चालतो, दुसरा नाही, आणि संध्याकाळी नेमकं उलटं. कारण पत्ता मागणाऱ्याला दोन्ही डबे उत्तर देतात आणि ज्याचं उत्तर आधी पोहोचलं त्याचं ऐकलं जातं. वरच्या डब्याने उत्तर दिलं तर तो ‘बाहेर जायचा रस्ता माझ्यातून आहे’ असं सांगतो, आणि त्याच्याकडे तर रस्ताच नाही.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनल ‘ऑटो’वर न सोडता खाली १ आणि वर ६ किंवा ११ ठेवा. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. ३ किंवा ४ निवडलं तर शेजारच्या दोन्ही बाजूंचा गोंगाट तुमच्या वाट्याला येतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण स्लॅबमधून खाली-वर जायला कमजोर. म्हणून प्रत्येक मजल्यावर आपापला डबा असणं हेच बरं. डबा लोखंडी कपाटावर, टीव्हीच्या मागे किंवा आरशाशेजारी ठेवू नका. जिन्याच्या तोंडाशी, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ही बहुतेक घरांतली उत्तम जागा.

आणि केबल ओढलेली असताना रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा) घेऊ नका. स्वस्तातला रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्यावरच बोलतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो.

प्रिंटरचं एक काम उरलं. राउटर बंद-चालू झाला की प्रिंटरला कधी नवा पत्ता मिळतो आणि संगणक जुन्या पत्त्यावर कागद पाठवत बसतो. खालच्या राउटरमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये जाऊन प्रिंटरचा पत्ता पक्का करा.

प्रश्न : या रिझर्व्हेशनमध्ये मॅक ॲड्रेस मागतात. आयपी असताना हा दुसरा पत्ता कशाला? – डिप्लोमाची एक विद्यार्थिनी, जळगाव

मॅक ॲड्रेस यंत्राबरोबर येतो, आयपी जागेबरोबर बदलतो. मॅकमध्ये दोन-दोन अक्षर-अंकांच्या ६ जोड्या असतात. पहिल्या ३ जोड्या उत्पादक कंपनीच्या, उरलेल्या ३ त्या यंत्राच्या. एकाच गल्लीत माल पोहोचवायला मॅक लागतो. लॅपटॉप सगळ्यांना विचारतो, ‘१९२.१६८.१.१२० कोणाचा?’ प्रिंटर आपला मॅक सांगतो, आणि मग स्विच (केबली एकमेकींना जोडणारं, राउटरमध्येही असलेलं यंत्र) त्या मॅकच्या पोर्टवरच माल पाठवतो. गल्लीबाहेर मॅकला किंमत नाही, तिथे आयपीच चालतो.

फोनची नोंद करताना मात्र सांभाळा. ॲन्ड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला एक बनावट मॅक दाखवतात, म्हणजे दुकानादुकानांतून तुमचा माग काढता येऊ नये. घरच्या नेटवर्कपुरती ती सोय फोनच्या सेटिंगमधून बंद करता येते.

प्रश्न : ३०० मेगाबिटचा प्लॅन आहे. फोनवर २८० येतं, पण केबलने जोडलेल्या डेस्कटॉपवर ९४ च्या वर जात नाही. केबल तर वायफायपेक्षा चांगली म्हणतात ना? – एक वाचक, पिंपरी

चांगलीच असते. ९४ हा आकडाच सगळं सांगून जातो. दुवा १०० मेगाबिटवर जुळला आहे, त्यातले सहाएक मेगाबिट पाकिटांच्या वेष्टनात जातात आणि ९४ हातात पडतात. विंडोजमध्ये इथरनेटच्या माहितीत ‘लिंक स्पीड’ बघा. १००/१०० असेल तर केबल, पोर्ट किंवा जॅक यांपैकी एक दोषी. डेस्कटॉपचा किंवा राउटरचा पोर्टच १०० चा असू शकतो, काही स्वस्त राउटरांत आजही तसे असतात. पोर्ट दोन्हीकडे गिगाबिट (१००० मेगाबिटचे) असतील तर जॅककडे वळा.

केबलमध्ये ४ जोड्या, म्हणजे ८ तारा असतात. १०० मेगाबिटला त्यांतल्या १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. एक तार जरी जॅकमध्ये नीट बसली नसेल, तर दोन्ही बाजू गुपचूप १०० वर उतरतात. नेट चालू राहतं, म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

जॅक नव्याने बसवा. वरचं आवरण अडीच-तीन सेंटिमीटर सोला, आतल्या तारांना चरा पडू देऊ नका. जॅकची खिट्टी खाली आणि सोनेरी पिना वर धरल्या की डावीकडून क्रम असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-चॉकलेटी, चॉकलेटी. तारा सरळ करून सुमारे १२ मिलिमीटर ठेवून एका रेषेत कापा. जॅकमध्ये सरकवल्यावर आठही टोकं समोरच्या पारदर्शक भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत आणि बाहेरचं आवरण जॅकच्या आत शिरलेलं असलं पाहिजे. आवरण बाहेर राहिलं तर ओढ थेट तारांवर येते आणि महिन्याभरात एखादी सुटते. हे बघूनच क्रिम्पर (जॅक तारांवर दाबून बसवणारं हत्यार) दाबा.

‘दोन्ही टोकांना रंग सारखे असले की झालं’ असं बरेच जण मानतात. ते चूक आहे. नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, चॉकलेटी जोडी अशा सरळ ओळीने तारा लावल्या, तर टेस्टरवर (केबल तपासायच्या यंत्रावर) आठही दिवे क्रमाने लागतात आणि तरी केबल खराबच असते. ३ आणि ६ या पिना एकाच पिळाच्या जोडीवर हव्यात. पीळ असतो तो एका जोडीचा आवाज दुसरीत उतरू नये म्हणून. वेगवेगळ्या पिळांतल्या तारा एकत्र जुंपल्या की तो बचावच जातो. टेस्टर फक्त तार जोडली आहे की नाही ते पाहतो, पीळ पाहत नाही. हिरव्या जोडीच्या पोटात निळी जोडी बसते, ती याचसाठी.

केबल विकत घेताना एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरट निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. दोन-चार मीटरला चालून जाईल, पण भिंतीत घालायला आणि त्याच केबलवरून कॅमेऱ्याला वीज द्यायला ते घेऊ नका. ते वाकवलं की तुटतं, आणि लांब अंतरावर व्होल्टेज पडून कॅमेरा रात्री त्याचे स्वतःचे दिवे लागले की बंद होतो. तांब्याच्या केबलची एकूण मर्यादा १०० मीटर. विजेच्या वायरींबरोबर एकाच पाइपात ओढू नका, वीतभर तरी अंतर ठेवा.

प्रश्न : १०० मेगाबिटचे पैसे भरतो, डाउनलोड ११–१२ वर अडकतं. फसवणूक आहे का? – एक वाचक, लातूर

नाही. प्लॅन मेगाबिटमध्ये सांगतात, डाउनलोडची खिडकी मेगाबाइट दाखवते. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० भागिले ८ बरोबर १२.५. तुम्हाला पूर्ण वेग मिळतो आहे.

प्रश्न : शाळेच्या कार्यालयातून संगणककक्षापर्यंत अंगणातून साठेक मीटर लॅन केबल नेली आहे. दरवर्षी वळवाच्या विजांत दोन्हीकडचे पोर्ट जळतात. – एक शिक्षिका, सिंधुदुर्ग

अंतर मर्यादेत आहे, पण बाहेरून आणि दोन इमारतींमध्ये तांबं न्यायला नको होतं. वीज थेट केबलवर पडावीच लागते असं नाही. जवळपास पडली तरी दोन इमारतींखालच्या जमिनीच्या विद्युत पातळीत क्षणभर मोठा फरक पडतो, आणि तो फरक भरून निघायला तुमची केबल हा आयता रस्ता होतो. वाटेत येतात ते स्विचचे आणि संगणकाचे पोर्ट.

तिथे फायबर टाका. काचेतून वीज जात नाही. एका तंतूची सिंगल-मोड वायर, दोन्ही टोकांना तयार जोडण्या आणि मीडिया कन्व्हर्टरची (फायबरमधला प्रकाश आणि लॅन केबलमधली वीज यांची अदलाबदल करणाऱ्या डब्यांची) एक जोडी एवढं पुरतं. जोडी घेताना एक ‘ए’ आणि एक ‘बी’ घ्या. एक १३१० नॅनोमीटरवर बोलतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा उलट. दोन्ही ‘ए’ आणले तर दोघेही एकाच सुरात बोलत राहतात आणि दुवा कधीच लागत नाही. जोडणीचा रंगही बघा. हिरवं टोक ८ अंशांत तिरपं घासलेलं असतं, निळं सरळ. हिरवं निळ्यात बसवलं तर मधे फट राहते आणि प्रकाश वाया जातो.

यात एक बारीक गोष्ट हटकून राहते. बाहेरच्या फायबरला ताण पेलायला पोलादी तार जोडलेली असते. ती तार इमारतीच्या बाहेरच आकड्याला बांधून कापा. ती आत नेली, तर तांबं काढून पोलाद घातल्यासारखं होईल. कन्व्हर्टरला वीज सॉकेटमधूनच मिळते, म्हणून कक्षाचं अर्थिंग एकदा इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. विजा सुरू झाल्या की प्लग काढायची सवय मुलांनाही लावा.

प्रश्न : आई-वडील सांगलीला असतात. घरी चार कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र) आहे. ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ (बाहेरून आलेली हाक राउटरमधून ठरावीक यंत्राकडे पाठवायची सोय) केलं तरी इथून काही दिसत नाही. – एक वाचक, दुबई

सांगलीच्या राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता बघायला सांगा. तो १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान असेल, किंवा ‘माझा आयपी कोणता’ सांगणाऱ्या साइटवर दिसतो त्याहून वेगळा असेल, तर कंपनीने अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला आहे. सार्वजनिक आयपीव्ही-४ पत्ते कमी पडतात म्हणून हे करावं लागतं. बाहेरून आलेली हाक कंपनीच्या दारातच थांबते, कारण ती कुठल्या घराची हे तिथल्या यंत्राला कळत नाही. तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी फरक पडणार नाही.

कंपनीकडून जादा पैसे देऊन स्थिर सार्वजनिक पत्ता घेता येतो. पण तुमच्या कामाला तो नको. डीव्हीआर बनवणाऱ्याच्या ॲपमध्ये यंत्रावरचा क्यूआर कोड स्कॅन करून जोडा. त्यात डीव्हीआर स्वतः आतून बाहेर जातो आणि दार आतून उघडलं जातं, म्हणून अडथळा येत नाही. उघडलेले पोर्ट बंद करा आणि डीव्हीआरचा मूळ पासवर्ड आजच बदला. २०१६ साली मिराय नावाच्या प्रोग्रॅमने कारखान्यातलेच पासवर्ड वापरून जगभरातले असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते, आणि मालकांना कॅमेरे नेहमीसारखेच चालताना दिसत होते.

चित्र अडखळलं तर दुबईचा वेग तपासू नका, सांगलीचा अपलोड तपासा. २ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा एच-२६५ या चित्र दाबून लहान करण्याच्या पद्धतीत साधारण २ मेगाबिट घेतो, चार मिळून ८. ॲपमध्ये ‘सब-स्ट्रीम’ (कमी दर्जाचं, हलकं चित्र) निवडलं की हे ओझं बरंच उतरतं. आणि लाइट गेल्यावर चित्र जात असेल, तर डीव्हीआरला इन्व्हर्टर असून फायबरचा डबा तसाच राहिला आहे का ते बघा. तो बहुधा १२ व्होल्टवर चालतो. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, पण आधी डब्याच्या ॲडॅप्टरवर किती ॲम्पिअर लिहिलंय ते वाचा, आणि यूपीएस निदान तेवढा देणारा घ्या.